इअरफोनचा वापर आणि कानाची निगा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पडेगाव येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी भाषेत कानावरून आलेले वाक्प्रचार पुष्कळ आहेत. कान टवकारले जातात, कान भरले जातात, कान टोचले जातात, कानाला खडा लावला जातो. यांतील एक वाक्प्रचार मात्र खुद्द कानाच्याच वाट्याला आला आहे. तो म्हणजे कानाडोळा करणे. डोळ्यात कुसळ गेले तर माणूस जागच्या जागी थांबतो. दाढ ठणकली तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पायरी चढतो. कान खाजला तर मात्र हाताशी असेल ती वस्तू कानात जाते. मग ती काडेपेटीची काडी असो, केसांची पिन असो, स्कूटरची किल्ली असो किंवा पेनाचे टोपण असो. कान ही जणू कोणीही, कशानेही झाडून काढावी अशी खोली आहे, असा समज घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या जुन्या समजाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एका नव्या वस्तूची जोड मिळाली. ती वस्तू म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारा इअरफोन. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण या वस्तूला अक्षरशः लागू पडते.

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरुळच्या दिशेने निघाले की लागणारे पडेगाव आता शहराचाच भाग झाले आहे. येथील रस्त्यावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिल्यास या विषयाचे सर्व नमुने पाहावयास मिळतात. वाळूज औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेला तरुण हेल्मेटच्या आत इअरफोन घालून दुचाकी चालवतो. शिकवणीला जाणाऱ्या दोन मैत्रिणी एकाच इअरफोनचे एक-एक टोक कानात घालून एकच गाणे ऐकत असतात. फेरफटका मारून घामाने भिजलेले गृहस्थ त्याच ओल्या कानात बातम्या ऐकत परततात. घरात पाहावे तर आजोबांनाही आता प्रवचन ऐकण्यासाठी नातवाने ब्लूटूथचे यंत्र आणून दिलेले असते. यांपैकी कोणीही काही गैर करीत नाही. तरीही पावसाळा सुरू झाला की कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या बाहेरच्या बाकावर यांच्यापैकीच कोणीतरी हात कानावर धरून बसलेले दिसते.

हा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे पुढे आला तो करोनाच्या काळात. 2020 च्या टाळेबंदीत कार्यालये घरात आली, शाळा मोबाइलच्या पडद्यावर आली आणि त्या दोहोंचा आवाज कानाच्या नळीत आला. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागप्रमुखांनी वृत्तसंस्थेला सांगितले होते की, विभागात दररोज पाच ते दहा रुग्ण अशा तक्रारी घेऊन येत आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या कानात कामानिमित्त आठ-आठ तासांहून अधिक वेळ हेडफोन असतो. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कापसाच्या काड्यांनी कान साफ करण्याच्या सवयीमुळे कानातील संरक्षक मळ निघून जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते, असा त्यांचा इशारा होता. इअरफोन आणि कापसाची काडी या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हाच आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

ते समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहावी लागेल. बाहेरून दिसतो तो कानाचा पंखा. तेथून पडद्यापर्यंत जाणारी नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. म्हणजे करंगळीच्या एका पेराएवढी. ही नळी सरळ नसून किंचित वळणाची असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा असतो, तेथे बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. त्या हाडावर कातडीचा थर इतका पातळ आणि इतका चिकटून असतो की, तेथे थोडी जरी सूज आली तरी तिला पसरायला जागा मिळत नाही. म्हणूनच कानाचे साधे गळूसुद्धा माणसाला रात्रभर बसवून ठेवते. नळीच्या शेवटी पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. कानकोरण्याचे टोक आणि हा पडदा यांच्यामध्ये केवळ काही मिलिमीटरचे अंतर उरते, हे कान कोरणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

या नळीत निसर्गाने एक अशी व्यवस्था केली आहे की, जिला तोड नाही. शरीराच्या इतर भागांतील त्वचेच्या मृत पेशी जागच्या जागी झडून जातात. कानाच्या नळीत तसे झाले असते तर काही वर्षांत ती बंदच झाली असती. येथे त्वचा पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने अत्यंत संथ गतीने सरकत असते. दिवसाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग, एवढाच तिचा वेग. एखाद्या सरकत्या पट्ट्यासारखी ती धूळ, मृत पेशी आणि जुना मळ बाहेर आणून सोडते. जेवताना, बोलताना जबडा हलतो, त्याचेही या कामी साहाय्य होते. मळ नळीच्या फक्त बाहेरच्या भागात तयार होतो. तेव्हा तो मुळात बाहेर पडण्याच्या वाटेवरच असतो. कानकोरणे किंवा कापसाची काडी त्याला उलट दिशेने, जेथे तो कधीच गेला नसता अशा हाडाच्या भागात ढकलून देते. काडीला थोडासा पिवळा डाग लागतो आणि माणसाला समाधान वाटते. आत किती गेला हे काडी सांगत नाही.

'मळ' हा शब्दच या पदार्थावर अन्याय करणारा आहे. तो स्निग्ध असल्यामुळे पाण्याला अडवतो, चिकट असल्यामुळे धूळ आणि किडे-मुंग्या धरून ठेवतो, आणि किंचित आम्ल असल्यामुळे बहुतेक जंतूंना व बुरशीला तेथे फोफावू देत नाही. काही लोकांचा मळ ओलसर, मधासारखा असतो, तर काहींचा कोरडा, कोंड्यासारखा असतो. हा फरक स्वच्छतेचा नसून आनुवंशिक आहे. तो एकाच जनुकावरून ठरतो, हे जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिले. तेव्हा ओलसर मळाचा माणूस अस्वच्छ, असे घरातल्या घरात जे टोमणे मारले जातात ते थांबवण्यास हरकत नाही.

आता या व्यवस्थेच्या तोंडाशी रबरी टोपी असलेला इअरफोन बसवला म्हणजे काय घडते ते पाहू जाता चार गोष्टी एकाच वेळी घडतात. बाहेर येणाऱ्या मळाची वाट अडते आणि यंत्र घालताना प्रत्येक वेळी तो थोडा थोडा आत रेटला जातो. नळीतील हवा कोंडते. शरीराच्या उष्णतेने ती ऊबदार होते आणि घाम व बाष्प बाहेर पडू न शकल्याने ओलावा वाढतो. ओलाव्याने कातडी फुगून मऊ पडते, जशी ती दिवसभर पाण्यात काम करणाऱ्याच्या बोटांची पडते, आणि तिचे आम्लत्वही कमी होते. चौथी गोष्ट म्हणजे घर्षण. मऊ पडलेल्या कातडीवर रबराची कड सतत घासत राहिली की, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. जंतूंना याहून अधिक काही लागत नाही. जुन्या काळचे हेडफोन कानाच्या बाहेर, पंख्यावर बसत. 1979 मध्ये आलेल्या वॉकमनबरोबर स्पंजच्या हलक्या गाद्या आल्या, त्याही कानाच्या बाहेरच राहत. नळीतच शिरून बसणाऱ्या टोप्यांचा प्रसार घरोघरी झाला तो मोबाइल फोनबरोबर, आणि 2016 नंतर बिनतारी इअरफोन आल्यावर तार अडकण्याची, ओढली जाण्याची अडचणही गेली. त्या अडचणीमुळे माणूस निदान अधूनमधून ते काढून ठेवीत असे.

जंतूंच्या बाबतीत प्रत्यक्ष तपासणी झालेली आहे. अमेरिकेत 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमान-प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या वीस हेडफोनांची वापरापूर्वी आणि तासाभराच्या वापरानंतर तपासणी करण्यात आली. तासाभरात जंतूंची संख्या सरासरी सुमारे अकरा पट झालेली आढळली. कर्नाटकातील मणिपाल येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांच्या कानांचा व इअरफोनांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. वारंवार व सतत वापराने जंतूंची वाढ होते, आणि एकमेकांचे इअरफोन वापरल्याने एकाच्या कानातील जंतू दुसऱ्याच्या कानात जाऊ शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोबाइलवर मात्र एक निराळाच आकडा फिरत असतो. तासभर इअरफोन घातल्याने कानातील जंतू सातशे पटींनी वाढतात, असे त्यात सांगितलेले असते. या आकड्याला आधार सापडत नाही. तो ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण कानात जंतू असणे हा रोग नव्हे. निरोगी कानातही ते वसतीला असतातच. कातडी शाबूत असेल आणि मळाचे आवरण असेल तोपर्यंत ते मुकाट राहतात. आकडा अकरा पट असो वा कितीही असो, कातडी कोठे फाटली आहे हा खरा प्रश्न असतो.

आणि कातडी फाडण्याचे काम बहुतेक वेळा इअरफोन एकटा करीत नाही. त्याचा क्रम असा असतो. दोन-तीन तास इअरफोन राहिल्याने कान खाजतो. खाज आली म्हणून मनुष्य कापसाची काडी फिरवतो. काडीने मळ जातो व कातडी खरचटते. मळ गेल्यामुळे कातडी कोरडी पडून आणखी खाजते. पुन्हा काडी, पुन्हा इअरफोन. आठ-दहा दिवसांत हे चक्र पुरे होते आणि मग एके रात्री कान ठणकू लागतो. गंमत अशी की, ज्या कापसाच्या काडीला घरोघरी स्वच्छतेचे साधन मानले जाते, तिच्या पाकिटावरच ती कानाच्या नळीत घालू नये अशी सूचना बारीक अक्षरात छापलेली असते. 1923 च्या सुमारास अमेरिकेत लिओ गर्स्टेनझांग यांनी ही काडी बाजारात आणली ती तान्ह्या बाळांच्या अंगनिगेसाठी. ती मोठ्या माणसांच्या कानाच्या नळीत शिरली ती नंतर.

कानाच्या नळीचा दाह दोन मुख्य प्रकारांचा असतो, आणि सामान्य माणसाला त्यांतील फरक बऱ्याच अंशी ओळखता येतो. जिवाणूंमुळे झालेल्या दाहात वेदना प्रमुख असते. कानाचा पंखा ओढला, किंवा गालाच्या बाजूला नळीच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा छोटा उंचवटा दाबला की कळ येते. घास चावतानाही दुखते. नळी सुजून आकुंचित होते, पातळ स्राव येतो आणि ऐकू कमी येते. मधल्या कानाच्या आजारात, म्हणजे पडद्यामागे पू झाला असता, पंखा ओढल्याने अशी कळ येत नाही. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा पंखाच हलवून पाहतात.

दुसरा प्रकार बुरशीचा. यात दुखण्यापेक्षा खाज अधिक आणि तीही असह्य. कानात दडे बसतात, काहीतरी भरल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले असता ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पदार्थ दिसतो आणि त्यावर काळे ठिपके असतात. हे ठिपके अॅस्परजिलस नायजर या बुरशीचे असतात. शिळ्या भाकरीवर किंवा दमट भिंतीवर जशी बुरशी चढते, तशीच ती येथे चढलेली असते. मराठवाड्यात उन्हाळा कोरडा असल्याने हा विकार दडून राहतो आणि जून-जुलैत हवा दमट झाली की डोके वर काढतो. ज्यांनी जिवाणूंवरचे थेंब दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घातलेले असतात, त्यांच्यात तर बुरशीला मोकळे रानच मिळते; कारण त्या थेंबांनी तिचे प्रतिस्पर्धी जंतू मारलेले असतात. बुरशीचा उपचार चिकाटीचा असतो. डॉक्टर नळी साफ करून देतात, बुरशीविरोधी थेंब दोन-तीन आठवडे घालावे लागतात, आणि खाज थांबली म्हणून मध्येच औषध बंद केले तर महिनाभरात तक्रार परत येते. त्या काळात इअरफोन घालावयाचा नाही, हे बहुतेक रुग्ण ऐकतात आणि विसरतात.

येथे कानात तेल घालण्याविषयी सांगितले पाहिजे. लसूण घालून कोमट केलेले खोबरेल किंवा तीळ-तेल कानात सोडण्याची पद्धत अनेक घरांत आजीपासून चालत आली आहे. त्यामागची माया खरी आहे. पडदा शाबूत असलेल्या निरोगी कानात एखादा थेंब पडला म्हणून लगेच अनर्थ होत नाही, आणि कडक झालेला मळ मऊ करण्यासाठी डॉक्टरही कधी कधी स्निग्ध थेंब सुचवतात. परंतु दुखत्या कानात, फुटलेल्या कानात किंवा बुरशी झालेल्या कानात तेल घालणे म्हणजे ओलाव्यात भर टाकणे होय. त्यातच तेल किती गरम आहे हे बोटाला कळते तेवढे पडद्याला सहन होईलच असे नाही. तेल घालून त्यावर इअरफोन लावून झोपी जाणारी तरुण मंडळीही आहेत. त्यांच्याविषयी अधिक न बोललेले बरे.

ज्याचा कान लहानपणापासून फुटलेला आहे, म्हणजे पडद्याला छिद्र आहे, त्याने तर नळीत बसणारा इअरफोन वापरूच नये. अशा कानात नळीतील ओलावा आणि जंतू थेट मधल्या कानापर्यंत पोहोचतात. अशांनी दुकानातून परस्पर थेंब आणणेही धोक्याचे आहे. जंतुनाशक थेंबांच्या एका जातीतील काही औषधे छिद्रातून आतल्या कानापर्यंत गेल्यास ऐकण्याच्या नाजूक पेशींना कायमची इजा करू शकतात. पडद्याला छिद्र आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. ते डॉक्टरांनी पाहिल्यावरच कळते.

सभागृहात ज्येष्ठांची संख्या मोठी आहे, म्हणून पुढील मुद्द्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेही वृद्धाच्या कानातील साधा ओरखडा क्वचित प्रसंगी साधा राहत नाही. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू नळीच्या कातडीतून खाली हाडात उतरतो आणि कवटीच्या तळाकडे पसरू लागतो. अमेरिकेतील डॉ. चँडलर यांनी 1968 मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यांच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले होते. रक्ताच्या गाठीचा किंवा मांसाचा तो कर्करोग नसतानाही त्यांनी त्याला घातक हे विशेषण लावले, यावरून त्याची भीषणता ध्यानात यावी. आज प्रभावी प्रतिजैविके उपलब्ध असल्याने चित्र पुष्कळ पालटले आहे. तरीही उपचार सहा आठवडे किंवा त्याहून अधिक चालतो आणि उशीर झाल्यास चेहऱ्याची शीर निकामी होऊन तोंड वाकडे होते.

इअरफोनमुळेच हा विकार होतो, असे म्हणता येणार नाही. पण मधुमेही माणसाच्या कानात ओरखडा उठू नये आणि ओलावा राहू नये, हे मात्र निःसंशय. कान साफ करण्यासाठी नळाचे साधे पाणी पिचकारीने मारल्यानंतर हा विकार सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. तेव्हा मधुमेही वडीलधाऱ्यांनी कानात पाणी, तेल, काडी यांतील काहीही घालू नये. प्रवचन ऐकण्यासाठी त्यांना यंत्र हवेच असेल, तर कानाच्या बाहेर बसणारा, गादीचा हेडफोन आणून द्यावा. किंवा लहानसा स्पीकर मांडीवर ठेवावा. घरातील सुनेला किंवा नातवाला त्या आवाजाचा थोडा त्रास होईल, तो सोसावा. आणि मधुमेही माणसाचा कान रात्री झोपू न देण्याइतका दुखू लागला, थेंब घालूनही आठवड्यात उतार पडला नाही, तर तो कान दुखणे म्हणून घरी ठेवू नये. आधी साखर तपासावी आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.

आता दैनंदिन व्यवहाराकडे वळू जाता सर्वांत मोठा उलटफेर असा करावयाचा आहे की, साफ करावयाचा तो इअरफोन, कान नव्हे. इअरफोनची रबरी टोपी सहज निघते. आठवड्यातून एकदा, आणि घाम येणाऱ्याने दोन-तीन दिवसांनी, ती काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा बसवावी. रात्री धुऊन ताटलीत ठेवली की सकाळपर्यंत कोरडी होते. यंत्राच्या जाळीवर साचलेला मळ कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडावा. त्यावर पाणी ओतू नये. बाहेरचा भाग स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने पुसावा. ज्या डबीत इअरफोन ठेवून त्याचे चार्जिंग होते, ती डबी मात्र कोणीच पुसत नाही. धुतलेली टोपी त्याच मळकट डबीत गेली तर धुण्याचा उपयोग काय, हा साधा प्रश्न आहे. स्पंजच्या टोप्या नीट धुता येत नाहीत; त्या ठरावीक काळाने बदलाव्यात. टोपी योग्य मापाची असावी. घट्ट बसावी म्हणून मोठी टोपी वापरणाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी कायम लाल वळ दिसतो.

स्नानानंतर लगेच इअरफोन घालू नये. डोके बाजूला कलते करून पाणी निघू द्यावे, पंखा टॉवेलने टिपावा, टॉवेलचे टोक पिळून आत घालू नये, आणि दहा-पंधरा मिनिटे कान मोकळा ठेवावा. व्यायामानंतरही तसेच. सलग तासभर ऐकल्यावर काही वेळ कान उघडे ठेवावेत. म्हणजे कोंडलेला ओलावा सुकतो. हेल्मेटच्या आत इअरफोन घालणाऱ्याच्या बाबतीत तर घाम, धूळ आणि कोंडलेली हवा यांचा त्रिवेणी संगमच होतो. वाहतुकीचा भोंगा ऐकू न येणे हा त्याच्या जिवावरचा धोका वेगळाच. इअरफोन घालून झोपू नये. कूस बदलताना टोपी आत रुतते आणि सकाळी टोपी कानातच राहून फक्त यंत्र बाहेर आले, असे प्रसंगही घडतात. अशा वेळी चिमटा घेऊन घरी प्रयोग करू नयेत.

इअरफोन उसना देणे-घेणे हा तरुणांच्या मैत्रीचा भाग झालेला आहे. कंगवा, टॉवेल, दाताचा ब्रश यांविषयी जी शिस्त घरात पाळली जाते, तीच येथे लागू व्हावी. आपला इअरफोन देणे अगदीच टाळता येत नसेल, तर देताना आणि परत घेताना टोपी बदलावी. टोपीची जोडी फार महाग नसते. कान वाहत असताना तर तो उसना घेऊही नये आणि देऊही नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना यंत्र काढून ठेवण्याचा सल्ला देता येत नाही, कारण त्याच्याविना त्यांचा घराशी संवादच तुटतो. कानात बसणारा साचा रात्री काढून ठेवावा, कोरड्या कापडाने पुसावा, ज्या साच्यापासून यंत्र वेगळे करता येते तो साचा धुवावा, आणि खाज सुटल्यास साच्याला हवा खेळण्यासाठी छिद्र करून घेता येईल का, हे तज्ज्ञाला विचारावे. दोन्ही कानांत यंत्र असलेल्याने दिवसातून काही वेळ, घरात एकटे असताना, आळीपाळीने एक कान मोकळा ठेवावा.

आवाजाच्या पातळीविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित समजले जाते. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. कानाच्या नळीचा दाह औषधाने बरा होतो, परंतु मोठ्या आवाजाने गेलेल्या श्रवणपेशी पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही गोष्टींचा एक संबंध मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. कानात मळ दाटला किंवा सूज आली की ऐकू कमी येते, आणि ऐकू कमी येते म्हणून माणूस आवाज वाढवतो. मुलगा अचानक आवाज वाढवून ऐकू लागला असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याचा कान दाखवून घ्यावा.

कान दाखवावयाचा कोठे, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो. छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. खासगी तज्ज्ञही शहरात पुष्कळ आहेत. दडे बसले असतील तर मळ काढण्याचे काम तेथे दुर्बिणीखाली, नजरेसमोर होते आणि त्याला फार वेळ लागत नाही. रस्त्यावर कानातला मळ काढून देणारे लोक यात्रा-बाजारात अजूनही दिसतात. त्यांच्या हातात कसब असेलही, परंतु एकाच सळईने दिवसभरात किती कान हाताळले जातात, याचा विचार करावा.

डॉक्टरांकडे जाताना इअरफोनही बरोबर न्यावा. त्याची टोपी पाहिल्यावर पुष्कळदा निदान अर्धे होते. आणि मागच्या वर्षी आणलेली थेंबांची बाटली कपाटात असेल तर ती घरी आल्यावर टाकून द्यावी; असे थेंब बाटली उघडल्यानंतर साधारणपणे महिनाभरच वापरण्याजोगे असतात, आणि मागच्या वर्षी कान कोणत्या कारणाने दुखला होता हे त्या बाटलीवर लिहिलेले नसते.